टाकीमामा

पाहुणा घरात शिरला की आधी देव्हाऱ्याकडं बघतो, नाहीतर टीव्हीकडं, फार तर पंख्याखालची खुर्ची मोकळी आहे का ते बघतो. आमचे मामा स्वयंपाकघराच्या दिशेनं कान करतात. चपला काढता काढता पहिला प्रश्न, "टाकी कधी लावली?" तुम्ही तारीख सांगितली तरी ते ओट्याखाली वाकणार, नाही सांगितली तरी वाकणार. उजव्या हाताचं मधलं बोट दुमडून सिलिंडरला वरून खाली टिचक्या मारत जातात. टण, टण, टण, ठप्प. जिथं ठप्प होतं तिथं नखानं रेघ ओढतात आणि निकाल देतात, "आठ दिवस. पाव्हणे आले तर पाच." मग गुडघ्यावर हात टेकून उठतात, आणि त्यानंतर पाणी पितात.

हिंगोलीत आमच्या भागात त्यांचं खरं नाव फक्त पोस्टमनला आणि बँकेला माहीत आहे. बाकी सगळ्यांचे ते टाकीमामा. झाकलेल्या भांड्यात किती उरलंय, हा या माणसाचा जन्माचा विषय. आरपार दिसायला लागलं की त्यांचा रस संपतो. काचेच्या बरणीतलं तेल किती राहिलं हे शेंबडं पोरही सांगेल, त्यात काय मोठेपणा? त्यांना लोखंड लागतं, स्टील लागतं, काळं जाड प्लॅस्टिक लागतं. म्हणजे गॅसची टाकी, गच्चीवरची पाण्याची टाकी, मोटारसायकलची पेट्रोलची टाकी, इन्व्हर्टरची बॅटरी, पाठीवरचा फवारणीचा पंप. यातलं काहीही पुढ्यात आलं की मामांचा हात आपोआप पुढं होतो.

याचं मूळ नोकरीत आहे. मामा एसटीत होते, डेपोत, डिझेलच्या बाजूला. तिथं जमिनीखाली टाकी पुरलेली असते. तिच्यात खुणा केलेली काठी सोडायची, वर काढायची आणि कुठवर ओली झाली ते वाचायचं. याला डिप घेणं म्हणतात. सोपं वाटतं, पण टाकी आडवी आणि गोल पोटाची. तळाशी काठीवरचा एक सेंटिमीटर म्हणजे थोडकं डिझेल, आणि पोटाच्या मध्यावर तोच एक सेंटिमीटर म्हणजे कितीतरी जास्त. म्हणून किती सेंटिमीटरला किती लिटर याचा तक्ता असतो. शिवाय उन्हानं डिझेल फुगतं, तेव्हा डिप सकाळी थंड वेळेलाच घ्यायची. मामा निवृत्त झाले, काठी आणि तक्ता डेपोत राहिले, सवय तेवढी घरी आली. आजही कुणी "टाकी अर्धी झाली" म्हटलं की ते विचारतात, "उंचीनं अर्धी का मापानं अर्धी?" म्हणणाऱ्याला चहा प्यायचा असतो.

गॅसच्या टाकीवर त्यांच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली टिचकीची, ती लोकांसाठी. दुसरी उचलून बघण्याची. ती आता डॉक्टरांनी बंद केली आहे, म्हणून मामा टाकी उचलत नाहीत, कडेवर तिरकी करून नुसती डोलवतात. तिसरी ओल्या फडक्याची, आणि तीच खरी. ही करताना ते कुणाशी बोलत नाहीत. फडकं भिजवून घट्ट पिळायचं नाही, थोडं ठिबकतं ठेवायचं. टाकीच्या कमरेभोवती ते वरून खालपर्यंत फिरवायचं, सगळी टाकी ओली दिसली पाहिजे. मग मागं सरकून उकिडवं बसायचं आणि वाट बघायची. वरचा भाग भराभर सुकून फिका पडतो, खालचा ओला, गडद राहतो, आणि मधे एक सरळ आडवी रेघ उमटते. ती गॅसची पातळी. आतला गॅस पातळ रूपात तळाशी असतो. तो पत्र्याची ऊब ओढून घेतो, म्हणून तिथलं पाणी उशिरा वाळतं. वरच्या मोकळ्या भागात नुसती वाफ, तिला तेवढी ऊब ओढता येत नाही. वैशाखात हिंगोलीच्या उन्हात हे सगळं इतक्या झटक्यात उरकतं की मामांना दुसऱ्यांदा फडकं फिरवावं लागतं. पण ती रेघ दिसली की त्यांच्या तोंडावर जे समाधान येतं ते पोराचा दहावीचा निकाल लागला तेव्हाही आलं नव्हतं, असं मामी म्हणतात.

मामींचं म्हणणं या विषयात वेगळंच आहे. त्यांच्या स्वयंपाकघरात खिळ्याला कॅलेंडर आहे. दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी त्यावर बारीक अक्षरात "टाकी" असं लिहिलेलं असतं. जुनी कॅलेंडरंही दाराआड सुतळीनं बांधून ठेवलेली. टाकी उन्हाळ्यात किती जाते, श्रावणात किती, माहेरवाशिणी आल्या की किती, सगळं त्या गठ्ठ्यात आहे. "ते टण टण करतेत," मामी भाकरी थापता थापता म्हणतात, "अन् मी तारीख बघते. आमचं दोघांचंबी बरोबरच येतं." मी एकदा नीट पाहिलं. ओट्याखाली वाकण्याआधी मामांची नजर कॅलेंडरवरून जाते. लोकांच्या घरी कॅलेंडर नसतं, म्हणून तर चपला काढतानाच "कधी लावली?" विचारायचं.

ज्यांच्याकडं दोन टाक्या आहेत त्यांच्याविषयी मामांचं मत वाईट आहे. एक संपली, दुसरी लावली. त्यात माणसाचा अंदाज मरतो, असं ते म्हणतात. अशा घरी ते जास्त वेळ बसत नाहीत.

मात्र एका बाबतीत ते खरोखर चिडतात. शेजारच्या पोरानं एकदा शेवटचा गॅस निघावा म्हणून टाकी आडवी पाडली होती. मामांनी गल्लीभर ऐकू जाईल असा आवाज काढला. टाकी उभी असते तेव्हा वरून वाफ येते. आडवी केली की पातळ गॅसच रेग्युलेटरकडं धावतो, आणि मग शेगडीचं काय होईल ते सांगता येत नाही. "संपली म्हणजे संपली! तिला काहून पिळायलास?" त्या दिवशी त्यांनी त्या घरी दोन वेळच्या चहाची सोय आमच्या मामींकडून केली, टाकी येईपर्यंत.

पाण्याच्या टाकीचा विषय कानाचा. नळ यायच्या दिवशी मामा अंगणात लिंबाखाली उभे राहतात, हात पाठीमागं, मान थोडी तिरकी. वर मोटर पाणी चढवत असते. टाकी रिकामी असताना पडणाऱ्या पाण्याचा आवाज जाड, घोगरा येतो. पाणी वर येत जाईल तसा तो बारीक होत जातो. शेवटी शेवटी शीळ यायला लागली की मामा नुसती बोटाची खूण करतात आणि आतून मामी बटन बंद करतात. पुण्याच्या भाच्यानं त्यांना टाकीत बसवायचा अलार्म आणून दिला. पाणी काठाला आलं की एक बाई हिंदीत मोटर बंद करायला सांगते. मामांनी आठवडाभर तिची परीक्षा घेतली. शीळ वाजली की ते म्हणायचे, "आता बोलंल बग," आणि ती थोड्या वेळानं बोलायची. "बाई चांगली हाय, पण उशिरा बोलती," असा शेरा मारून त्यांनी वायर काढून ठेवली.

पावसाळ्यात मामांची टाकी मोठी होते. येलदरी किती टक्के, सिद्धेश्वर किती, पलीकडं पैनगंगेवर इसापूर किती. सकाळचा पेपर आला की आधी हे आकडे. पूर्णा नदीवर वर येलदरी, खाली औंढा तालुक्यात सिद्धेश्वर. येलदरीतून सोडलं की सिद्धेश्वरात येतं, त्यामुळं मामांच्या लेखी एक गच्चीवरची टाकी आणि एक अंगणातला हौद. पण त्यांच्या सगळ्यात आवडीची गोष्ट म्हणजे मृतसाठा. धरण शून्य टक्के झालं अशी बातमी येते तेव्हा सगळे हळहळतात आणि मामा खूश होतात, कारण त्यांना समजावून सांगायला मिळतं. शून्य टक्के म्हणजे धरण कोरडं पडलं असं नव्हे. टक्के उपयुक्त साठ्याचे असतात. त्याच्या खाली, दरवाज्यांच्याही खाली, पाणी असतंच. कालव्याला ते सोडता येत नाही, म्हणून त्याला मृतसाठा म्हणायचं. ही कल्पना मामांनी पुढं सगळीकडं लावली. मोटारसायकल रिझर्वला लागली की मृतसाठा. पेन्शनच्या पासबुकात बँकेनं ठेवायला लावलेली किमान रक्कम, तोही मृतसाठा. आणि मामी भांडी आदळायला लागल्या की ते माझ्याकडं झुकून हळूच म्हणतात, "उपयुक्त संपलं. आता मृतसाठ्यावर चालू हाय. निघ तू."

मोटारसायकलचं सांगायचं तर, मामांच्या गाडीचा पेट्रोलचा काटा फार पूर्वीच मेला आणि त्यांनी तो दुरुस्त करू दिला नाही. सीटवर बसून गाडी दोन्ही मांड्यांत धरून डावीउजवीकडं हलवायची, आतून येणारा डुबुक डुबुक आवाज ऐकायचा, की झालं. एकदा श्रावणात सोमवारी आम्ही दोघं औंढ्याला नागनाथाला निघालो. आवाज ऐकून मामा म्हणाले, "पोचतो." वाटेत एका चढावर गाडीनं धाप टाकली आणि गप्प झाली. चढाच्या पलीकडं, उतारावर, पेट्रोल पंप होता. चढ मी ढकलला, उतारावर मामा बसून गेले. पंपावर पोचल्यावर विजयी मुद्रेनं माझी वाट बघत उभे होते. "पोचतो म्हणलं होतं का नाई? कुठवर ते तू इचारलंच नाईस."

त्याच औंढा तालुक्यात दुधाळ्याला लायगो नावाची वेधशाळा व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं २०२३ च्या एप्रिलमध्ये तिच्यासाठी २,६०० कोटींचा खर्च मंजूर केला. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, एकमेकींशी काटकोनात, आत पोकळी आणि लेसरचा प्रकाश. कुठं दूर अवकाशात दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की इथल्या भुजांच्या लांबीत जो फरक पडेल तो मोजायचा. आणि फरक केवढा, तर प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या हिश्श्याएवढा. हे मी मामांना पेपरातून वाचून दाखवलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मी म्हटलं, आता तरी मान्य करतील की मोजमाप म्हणजे काय चीज असते. शेवटी म्हणाले, "चार किलोमीटर आतून रिकामं हाय म्हंतोस? मग वाजत आसंल मस्त." त्यांना अजून ते एकदा बघून यायचंय.

आता पुण्याच्या भाच्याचं. तो दसऱ्याला आला होता. रामलीला मैदानावरचं प्रदर्शन बघून आम्ही रात्री परतलो (तिथं पाळण्यापेक्षा मामांनी जनरेटरच्या डिझेलच्या टाकीपाशीच जास्त वेळ घालवला, तो विषय वेगळा), आणि सकाळी गच्चीच्या कठड्यावर मामांना एक वस्तू सापडली. अंगठ्याएवढी जाड, काळी, गुळगुळीत, वर निमुळतं तोंड. मामांनी ती उचलली, कानाशी नेली, हलवली. चेहरा गंभीर झाला. "यात पाणी हाय," ते म्हणाले. पुन्हा हलवली. "पाव राह्यलंय."

भाचा दात घासत होता. त्याचा ब्रश तोंडातच थांबला.

मग चौकशी झाली. वस्तूला व्हेप म्हणतात. आत छोटी टाकी, टाकीत वासाचं आणि बहुतेक वेळा निकोटिनचं पातळ द्रव, त्यात कापूस बुडालेला, कापसाला गुंडाळलेली तार. बॅटरीनं तार तापते, कापसातलं द्रव वाफ होतं, ती ओढायची. मामांनी हे सगळं मान हलवत ऐकून घेतलं. मग त्यांच्या पद्धतीचा एकच प्रश्न विचारला. "काळी टाकी. आतलं दिसत नाई. मग किती राह्यलं हे कसं कळतं तुला?"

"कळत नाही मामा. ओढताना जळका वास आला की समजायचं संपलं. मग भरायचं."

मला वाटलं आता व्यसनावर बोलणं होणार. मामांना त्याहून मोठा धक्का बसला होता. "वात जळाल्यावर तेल घालतोस तू?" ते अक्षरशः खाली बसले. त्यांच्या लहानपणी घरात कंदील होता. त्यात रॉकेल किती आहे हे रोज संध्याकाळी हलवून बघायचं काम त्यांच्याकडं होतं आणि एकदाही वात कोरडी पडू दिली नव्हती. कोरडी वात जळते, काजळी धरते, मग कितीही रॉकेल घाला, उजेड येत नाही. "म्हणजे शेवटचे चार झुरके तू कापूस ओढायलास. जळका कापूस!" भाचा म्हणाला, भीतीनं मी आधीच गच्च भरून ठेवतो कधी कधी, पण मग ते गळतं, तोंडात येतं. यावर मामांनी कपाळाला हात लावला. वर जागा ठेवल्याशिवाय काहीही भरू नये, हा त्यांचा पहिला नियम. गॅसची टाकीसुद्धा कारखान्यात काठोकाठ भरत नाहीत. उन्हानं गॅस फुगला तर जागा हवी म्हणून वरचा भाग मोकळाच ठेवतात. "दोन बोटं, बाळा. कशातबी दोन बोटं जागा ठेव."

मग मी कायद्याचं सांगितलं. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये वटहुकूम आला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. ही वस्तू देशात बनवणं, आणणं, विकणं, साठवून ठेवणं, जाहिरात करणं, सगळ्याला बंदी. विकणारा पहिल्यांदा सापडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मामांनी तात्काळ ती वस्तू जप्त केली आणि आपल्या कपाटात, जुन्या टॉर्चच्या शेजारी ठेवली. मामी दारातून ऐकत होत्या. म्हणाल्या, "साठवून ठेवलं तरी गुन्हा हाय म्हणलास ना रे? मग यांला धरून नेतेत का?"

दुसऱ्या दिवशी ती वस्तू कपाटात नव्हती. कुठं गेली ते मामाही सांगत नाहीत, भाचाही सांगत नाही. भाचा पुण्याला परत गेला तेव्हा मामांनी त्याच्या गाडीचं पेट्रोल हलवून ऐकलं, बॅटरीच्या सहाही झाकणांतून पाणी बघितलं आणि दर रविवारी त्याला फोन करायला लागले. फोनवर बाकी काही विचारत नाहीत. "घरात गॅस किती राह्यलाय?" एवढंच. भाच्याच्या खोलीत इंडक्शनची शेगडी आहे, हे त्यानं त्यांना अजून सांगितलेलं नाही.

हे सगळं ऐकून मामा म्हणजे नुसती कटकट असं कुणाला वाटेल. त्यांनी एकदा मामांना पंगतीत वाढताना बघावं. गावाकडच्या लग्नात वरणाची बादली त्यांच्या हाती देतात. स्टीलची वाटी, वरून भात ओढलेला, आत वरण किती उरलंय ते खाणाऱ्यालाही नीट माहीत नसतं. मामा पंगतीच्या टोकाला उभे राहून माणसाचा घास बघतात. भात कोरडा उचलायला लागला, बोटांनी वाटीच्या तळाशी जायला लागला, की मामा त्याच्यापुढं हजर. "वरण!" असं ओरडायची वेळ त्यांनी आजवर कुणावर आणली नाही. बादलीत किती उरलंय आणि पंगत किती उरलीय, याचं गणित त्यांच्या डोक्यात चालूच असतं, आणि आचाऱ्याला वेळेवर डोळ्यांनी खूण जाते. नवऱ्याकडचे लोक जेवून उठताना विचारतात, हे वाढणारे कोण होते.

घरी चहाचंही तसंच. मामी स्टीलच्या पेल्यात चहा देतात. आपण पेला किती तिरका करून पितोय यावरून मामा समजतात, आणि आपण पेला खाली ठेवायच्या आत किटली आलेली असते. नको म्हटलं तर ऐकत नाहीत. दोन बोटं जागा ठेवून भरतात.

टिचकीवर मात्र तुम्ही विसंबू नका, त्यासाठी बोट मामांचंच पाहिजे. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, आणि रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच लिहिलेलं असतं. टाकी दारात आली की सील बघा, काटा मागा, वजन करून घ्या. तुमचा तो हक्क आहे. पावती फाडून झाल्यावर मग कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवा. मामा तुमच्याकडं कधीही येतील, आणि आल्या आल्या तेच विचारतील.